चाळीस दिवस गाणं नाही

मटिल्डाचं गाणं राखेच्या बुधवारी मिटायचं ते पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सकाळी उमलायचं, आणि मधले चाळीस दिवस हिलरी कसे काढायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. लग्नं नाहीत तर हळद नाही, हळद नाही तर मांडव नाही, आणि मांडवच नाही तर मांडवाची गाणी कुणी कशाला म्हणावी? भुईगावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. फादरने कपाळावर राखेचं बोट टेकवलं की बायकांच्या ओठांवरची गाणी आपोआप खाली बसतात, विहिरीतला गाळ बसावा तशी.

बाकीच्या बायांचं ठीक होतं. त्या मांडवात गायच्या आणि मांडव उतरला की घरच्या कामाला लागायच्या. मटिल्डा वर्षभर गायची. मोगरा खुडताना गायची, केळीची वाळली पानं उतरवताना गायची, चुलीवर भात रटरटत असला तर त्याच्या तालावर गायची. तिच्या पोटी लेकरू नव्हतं. पण गावातली एक लेक अशी नव्हती जिला मटिल्डाने गाऊन वाटेला लावलं नाही. ती ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या.

*मांडवाच्या दारी केळीबाईचं पान हाले*
*लेक चालली वाटेला, मागं माऊलीचं मन चाले*

दोन्ही ओळी एका दमात. मध्ये कुठे श्वासाचं टाचण नाही, टाका नाही. तिची मोठी जाऊ आल्बिना म्हणायची, "देवाने हिच्या छातीत दोन भाते बसवले. एक माझ्या वाटणीचा होता, तो हिने देवाच्या दारातच चोरला."

हिलरी हे सगळं वाडीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकायचा. पानवेलींना पाणी सोडलेलं असलं तर मोटार बंद करायचा, आवाज आड येतो म्हणून. मटिल्डा विचारायची, "वीज गेली काय हो?" तो म्हणायचा, "गेली असेल." तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही सांगितलं नव्हतं की तू गातेस ते मला गोड लागतं. असलं बोलायची त्याच्या घरात रीतच नव्हती. फार फार तर तो म्हणायचा, "आज लवकर थांबलीस." तिला तेवढ्यात काय कळायचं, की काहीच कळायचं नाही, कोण जाणे.

त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, उपवासकाळ फेब्रुवारीच्या मध्यावर लागला. मटिल्डा गप्प झाली. हिलरीने कॅलेंडरवर पास्काचा रविवार पाहून ठेवला आणि मनातल्या मनात दिवस मोजायला लागला. त्यात नवल काही नव्हतं. तो दरवर्षीच मोजायचा.

नवल एवढंच की यंदा मटिल्डाचा उपवासकाळ फार कडक होता. ताटावर बसली की दोन घास घ्यायची आणि हात धुवायची. "पोट भरलं." हिलरीला वाटलं, उपास धरलाय. पहाटे त्याला जाग यायची तेव्हा ती अंथरुणात नसायची. टेबलाशी खुर्ची ओढून, पुढे वाकून, हातांवर कपाळ टेकून बसलेली असायची. शेजारी जपमाळ. हिलरीला वाटलं, प्रार्थना करते आहे. तो पावलांचा आवाज न करता मागल्या दाराने वाडीत जायचा. संध्याकाळी तिचं अंग कोमट लागायचं, तर चैत्राची झळ असेल. पदर मानेभोवती गुंडाळून घ्यायची, तर साधेपणा असेल. चर्चची पायरी चढताना मध्येच उभी राहायची, तर क्रुसाकडे बघत असेल.

एका अर्थी त्याला बायकोचा अभिमानच वाटत होता. आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही. देवाशी हिचं एवढं काय चाललंय, जे आपल्याशी कधी बोलली नाही?

आल्बिना मात्र चेष्टा करायची. "बाय, तू संतीण होणार आता. चर्चमध्ये तुझी तसबीर कुठल्या भिंतीला लावायची ते सांगून ठेव. त्या संताच्या शेजारी नको, त्याचं नाक वाकडं आहे."

मटिल्डा हसली, पण हसू अर्ध्यावर तुटलं. तिने छातीवर हात ठेवला.

"पाय बघू तुझे," आल्बिना म्हणाली. पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. "अगं, पाणी झालंय हे! थांब." आल्बिनाला ब्लडप्रेशर होतं आणि डॉक्टरने तिला लघवी साफ होण्याची गोळी दिली होती. तिने आपल्या पाकिटातल्या आठ गोळ्या कापून मटिल्डाच्या हातावर ठेवल्या. "रोज एक. पाणी सगळं निघून जाईल. पास्काला मांडवात नाचशील."

पास्कानंतरच्याच रविवारी आळीतल्या पिंकीचं लग्न होतं. पहिली ओळ मटिल्डाची, हे ठरवावं लागत नव्हतं.

पास्काच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार झाला. हिलरीने हिशेब केला, आता सातच दिवस. वाडीत उभं राहून तो स्वतःशीच एक ओळ पुटपुटला. मटिल्डा कधीतरी रहाटाच्या दिवसांतलं एक जुनं गाणं म्हणायची, त्यातली.

*रहाटाच्या माळेला गाडगं गाडग्याला पुसे*
*कुठे गेला पाण्याचा धनी, काठ कोरडाच दिसे*

त्याच्या तोंडात ती ओळ दगडासारखी वाटली. त्याने मोटार लावली.

शुभ शुक्रवारी मटिल्डाने निर्जळी धरली. चर्चने एवढं कुणाला सांगितलेलं नव्हतं. पाण्याला बंदी नसते. "तीन वाजेपर्यंत थेंब नाही," ती म्हणाली. येशूने प्राण सोडला ती तीनची वेळ. हिलरी म्हणाला, "ऊन बघ बाहेर." ती म्हणाली, "उन्हाला काय, ते रोजच आहे."

दुपारी बाराच्या सुमाराला क्रुसाची वाट, येशूच्या शेवटच्या प्रवासाची मिरवणूक, निघाली. पुढे लाकडी क्रूस, मागे पुरुष, त्यांच्यामागे बायका. भुईगावच्या अरुंद गल्ल्यांतून, वाड्यांच्या कुंपणांना घासत, एकेका थांब्यावर गुडघे टेकत लोक चालले होते. सहाव्या थांब्याला बायका टेकल्या. सगळ्या उठल्या. मटिल्डा उठली नाही.

आल्बिनाची किंकाळी ऐकून हिलरी मागे धावला. मटिल्डा कुंपणाच्या गडग्याला पाठ लावून बसली होती. कपाळावर घाम होता, पण कपाळ थंडगार. ओठ जांभळाच्या रसासारखे.

"ऊन लागलं."

"उपासाची भोवळ. साखर-पाणी द्या."

"लिंबू आणा कुणीतरी!"

कुणी पेला ओठांशी नेला. मटिल्डाने मान फिरवली. एकेक शब्द वेगळा करून ती म्हणाली, "तीन... वाजू... देत."

तेव्हा कुठे हिलरीला ते ऐकू आलं. तीन शब्द, आणि त्यांच्यामध्ये दोन श्वास. जी बाई दोन ओळी एका दमात ओलांडायची तिला तीन शब्दांत दोनदा थांबावं लागत होतं. आणि तो चाळीस दिवस वाट पाहत होता! तिच्या गप्प बसण्यामागे काय दडलं होतं, हे त्याच्या कानांना कळलं नव्हतं.

त्याने आत्मारामला हाक मारली. आत्माराम पलीकडच्या गावचा. भुईगावच्या वाड्यांतली केळी त्याच्या टेम्पोतून बाजाराला जायची. मिरवणूक जाईपर्यंत तो टेम्पो बाजूला लावून, टोपी काढून उभा होता. "उचला वयनीला," तो म्हणाला, "खाली केलीची पानं हायेत, त्यांच्यावरच ठेवा." निजवलं तर तिचे डोळे फिरायला लागले, म्हणून हिलरीने तिला छातीशी धरून बसवलं. आल्बिना मागच्या फळीला लटकून रडत होती.

हॉस्पिटल लहान होतं, वसई गावाच्या वेशीजवळ. सुट्टीचा दिवस, नर्सबाया बहुतेक आपापल्या चर्चला गेलेल्या. ड्यूटीवर एक वयस्कर सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि डॉक्टर क्षितिजा. डॉक्टर साताऱ्याकडची, वर्षभरापूर्वी इथे आलेली, तिशीही न गाठलेली. हिलरीला वाटलं, ही पोर काय करणार?

पोरीने आधी मटिल्डाच्या मानेवरचा पदर बाजूला केला. मानेच्या शिरा वेलीसारख्या तट्ट फुगून वर आल्या होत्या. ती पाहतच राहिली.

"किती दिवसांपासून?"

कुणालाच माहीत नव्हतं. पदराआड होतं ना.

"आडवं झोपता येत होतं यांना?"

"पहाटे बसलेली असायची," हिलरी म्हणाला. "प्रार्थनेला."

"पुढे वाकून?"

"हो."

"जेवण?"

"उपास होता."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. आल्बिना पुढे झाली आणि हुंदक्यांतून गोळ्यांचं सांगून मोकळी झाली.

"सिस्टर, सलाईन लावा. जोरात सोडा."

"अहो डॉक्टरीणबाई," आल्बिना ओरडली, "अंगात पाणी झालंय म्हणून तर पाय सुजले, आणि तुम्ही वरून पाणी चढवता?"

"मावशी, पाणी भलत्या जागी अडकलंय. जिथे हवं तिथे नाहीये." डॉक्टर बोलत होती आणि तिचे हात चालत होते. तिने छाती दोन्ही बाजूंनी ऐकली. "बीपी पार खाली गेलंय. नुसतं उपासाने रक्त आटलं असतं तर या शिरा सुकल्या असत्या, फुगल्या नसत्या. म्हणजे रक्त आहे, ते वाटेत कुठेतरी अडलंय. छातीत हवा कोंडून फुप्फुस दाबलं गेलं तरी असं होतं, पण हवा दोन्हीकडे सारखी जातेय. पायातली गाठ सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली तरी होतं, पण ते असं महिनाभर दबा धरून बसत नाही. आणि हृदयाचे ठोके मला ऐकूच येत नाहीत. लांब कुठेतरी वाजतायत, भिंतीपलीकडे."

गरोदर बायांसाठी असलेलं सोनोग्राफीचं यंत्र तिने ओढून आणलं आणि मटिल्डाच्या छातीखाली टेकवलं. पडद्यावर काळोख होता. त्या काळोखात एक मूठ उघडायची धडपड करत होती. उघडत नव्हती.

"हृदयाभोवती एक पिशवी असते," डॉक्टर म्हणाली. "ती पाण्याने भरलीय. हृदयाला काही झालेलं नाही, पण बाहेरून सगळ्या बाजूंनी दाब आहे. उघडायला जागाच नाही. भरतच नाही, तर अंगाला देणार काय?"

दारात उभा राहून आत्माराम हिलरीच्या कानाशी म्हणाला, "म्हंजे मोटार झकास हाय, हिरीत पानीबी हाय, पन सक्शनच्या पाइपावर कुनीतरी पाय दिलाय."

"तेच," डॉक्टर म्हणाली. "एकदम तेच. आणि त्या गोळीने आणि निर्जळीने विहीरही उपसली गेली. आता सुईने ते पाणी काढायचंय. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला वेळ नाही. काका, मला माणूस कमी आहे. तुम्ही यांचं मनगट धरा. नाडी लागली की सांगा, सुटली की सांगा. घाबरून हात सोडलात तर मला कळणार नाही."

"नाही सोडणार."

मनगटावर तीन बोटं ठेवून हिलरी उभा राहिला. आधी काहीच लागलं नाही. मग, फार खोलात, जमिनीखालून चालणाऱ्या झऱ्यासारखं काहीतरी आलं. मटिल्डाने श्वास आत घेतला, आणि ते गेलं. श्वास सोडला, आणि आलं.

"श्वास घेतला की जाते," तो म्हणाला.

"जाणारच. लक्ष ठेवा."

त्याने डोळे मिटले. आयुष्यभर तो तिला लांबून ऐकत आला होता, केळींच्या आडून, बंद मोटारीशेजारी उभा राहून. एवढ्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होता. ये, तो मनात म्हणत होता. ये गं. गाणं नको, ओळ नको, एवढं एक टक टक करत ये. पास्का नको, लग्न नको. गेली. आली. गेली. आता यायला उशीर का होतोय?

"डॉक्टर, नाही लागत!"

"हलू नका." छातीच्या हाडाखालून, डाव्या खांद्याच्या रोखाने, लांब सुई आत चालली होती. सिस्टर पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. मग नळीत जुन्या मधाच्या रंगाचं, थोडं लालसर पाणी चढलं. एक नळी. दुसरी. तिसरी नळी अर्धी भरली असेल.

हिलरीच्या बोटांखाली काहीतरी ठोकलं. चाहूल दिल्यासारखं नव्हे, दार ठोठावल्यासारखं. मटिल्डाने श्वास घेतला. ते गेलं नाही. पुन्हा श्वास घेतला. तिथेच होतं, पक्कं, रुसव्याशिवाय.

"आहे," तो म्हणाला. "जात नाही आता. श्वास घेतला तरी जात नाही."

"बीपी नव्वद," सिस्टर म्हणाली.

डॉक्टर क्षितिजा हसली नाही. तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला आणि तिने तो खांद्याला पुसला. मग आल्बिनाकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमच्या गोळ्या तुम्हीच खायच्या."

"पुन्हा नाव काढलं तर जीभ झडो माझी," आल्बिना म्हणाली आणि खाली फरशीवरच बसली. घड्याळात अडीच वाजले होते.

शनिवारी आणखी पाणी निघालं. डॉक्टरला क्षयाचा संशय होता, पुढे तपासणीत तोच ठरला. "फुप्फुसाचा नाही, हृदयाच्या पिशवीचा. औषधं आहेत. निदान सहा महिने रोज घ्यायची, एक दिवस चुकवायचा नाही. बऱ्या होतील. पण ती पिशवी आतून जाड आणि घट्ट होऊ शकते, म्हणून मी पुन्हा पुन्हा तपासणार."

हिलरी उभाच राहिला. डॉक्टरला वाटलं, पैशाचं काही विचारायचं असेल.

"ती गाते," तो म्हणाला. तीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. कान तापले त्याचे. "गाऊ शकेल का?"

"या लग्नसराईत तरी नाही, काका. पुढचं पुढे बघू."

पास्काच्या रविवारी सकाळी तो वॉर्डात गेला तेव्हा मटिल्डा उशीला टेकून बसली होती. छातीखाली पट्टी, त्यातून एक बारीक नळी. खिडकीतून कुठल्याशा चर्चच्या घंटा ऐकू येत होत्या, मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, सुटल्याच्या.

"पिंकीच्या लग्नात कोण ओळ टाकणार?" तिने विचारलं.

"आल्बिना वहिनी म्हणतात, मी टाकीन."

"मेला तो मांडव," मटिल्डा म्हणाली. मग चादरीची किनार बोटांत घोळवत म्हणाली, "एक सांगू? मला जानेवारीतच कळलं होतं. मेरीच्या लेकीच्या हळदीला मी दोनदा थांबले ओळीत. कुणाच्या लक्षात आलं नाही, ढोल होता. राखेचा बुधवार आला तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता कुणी गायला सांगणार नाही. शुक्रवारची निर्जळी त्याच्यासाठीच धरली होती. म्हटलं, पास्काला दम परत दे. दुसरं काही नाही मागत."

हिलरी म्हणाला, "वीज जात नव्हती."

"काय?"

"मी मोटार बंद करायचो. तू गायला लागलीस की. वीज नव्हती जात." तो सांगत गेला. "उपवासकाळात मी दिवस मोजतो. दरवर्षी. यंदाही मोजले. तू टेबलाशी बसलेली दिसायचीस आणि मी निघून जायचो. मला वाटलं, देवाचं आणि तुझं आहे, आपण मध्ये कशाला यायचं."

मटिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. मग भुवया एकत्र आल्या.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "तीस वर्षं पानवेली तहानेल्या ठेवल्यात तुम्ही आणि मी वीजमंडळाला शिव्या घालत बसले, वायरमन दारात आला तर त्याला चहासुद्धा दिला नाही मी, आणि तोंडातून एक शब्द काढायला तुमच्या जिभेला काय वात भरला होता, एकदा म्हणाला असतात तर मी काय चर्चात जाऊन सांगणार होते, नि पहाटे बायको मरायला टेकून बसलीय तर जवळ येऊन विचारायचं सोडून देवाला घाबरून मागल्या दाराने पळून जाणारा नवरा सगळ्या वसईत एक माझ्याच नशिबी!"

ती थांबली. धाप लागली नव्हती. राग संपला म्हणून थांबली होती.

हिलरी मान खाली घालून बसला होता. त्याने मध्ये कुठे श्वास येतो का ते ऐकलं होतं. एकदाही आला नव्हता. त्याच्या गुडघ्यावर एक थेंब पडला, मग दुसरा.

"आता रडता कशाला?"

"आणखी बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही."

मटिल्डाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्याच्याकडे न बघताच, मोगऱ्याची खुडणी कुणी केली, कोंबड्यांना दाणे टाकले का, आल्बिनाला सांग माझी हिरवी साडी पिंकीच्या लग्नात नेसू नको, असं एकेक सांगायला लागली. हिलरीने खुर्ची पलंगाला भिडवली आणि ऐकत बसला.